स्वस्त लॅपटॉप घ्यावा काय ?

खरिपाचा पैसा हातीं आला म्हणजे तो कोणत्या कामीं लावावा याविषयीं घरोघर चार मतें पडतात, हें कांहीं नवें नव्हे. विहिरीचा गाळ, गोठ्याचें छप्पर, बँकेचें देणें, सोयरिकीचा खर्च या जुन्या मागण्यांच्या पंक्तीस अलीकडे आणखी एक मागणी येऊन बसली आहे. ती म्हणजे लॅपटॉपची. मुलगा अगर मुलगी बारावी होऊन धाराशिव, तुळजापूर, सोलापूर किंवा लातूर येथील महाविद्यालयांत गेली कीं, पहिल्या सहामाहीच्या आंतच हा विषय निघतो; आणि तो निघाला म्हणजे घरांतील कोणीतरी मोबाइलवरील जाहिरात पुढें करून म्हणतो, "हा पाहा, पंधरा-वीस हजारांत मिळतो; मग जास्त कशाला घालवावे ?" असा स्वस्त लॅपटॉप घेण्याजोगा आहे कीं नाहीं, याविषयीं आमचें मत वाचकांपुढें स्पष्टपणें मांडावें असें आम्हांस वाटतें. प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. त्यांत घरचें चार-पांच क्विंटल सोयाबीन गुंतलेलें असतें, आणि एका मुलाचीं शिकण्याचीं वर्षेंही गुंतलेलीं असतात.

प्रथम पैशाचें माप घेऊं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये ठरला होता. त्या भावानें वीस हजार रुपये म्हणजे पावणेचार क्विंटल झाले. परंतु हमीभाव कागदावर असतो आणि माल बाजारांत असतो. चार हजारांनीं विकावें लागलें तर तेच वीस हजार पांच क्विंटलांवर जातात. त्यांतून बीं, खत, फवारणी, काढणी व मळणी यांचा खर्च वजा घातला म्हणजे निव्वळ शिल्लकेंतून वीस हजार काढण्यास किती एकरांचें पीक खर्ची पडतें, हा हिशेब ज्याचा त्यानें करावा. २०२५ च्या सप्टेंबरांत परंडा, भूम व लगतच्या तालुक्यांत अतिवृष्टि होऊन उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं, कित्येकांची मातीही वाहून गेली. त्यांस तर हा हिशेब सांगण्याचीही गरज नाहीं. तेव्हां 'स्वस्त' हा शब्द विकणाराचा आहे, घेणाराचा नव्हे, एवढें प्रथम ध्यानीं धरावें. (ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, लॅपटॉपवरील कर मात्र १८ टक्केच राहिला. शेतकऱ्याच्या मुलाचें पुस्तक-पाटी हेंही एक अवजारच आहे, हें सरकारच्या ध्यानांत केव्हां येईल तें येवो.)

शेतीच्या कामासाठीं म्हणून लॅपटॉप घेणाऱ्यांस आम्ही स्पष्टपणें सांगतों कीं, तो घेऊं नये. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपये भरून मोबाइलवर काढतां येतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तीसाठीं बांधावर उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें लागतें आणि त्या छायाचित्रासोबत जागेची खूणही नोंदली जाते. हें काम मोबाइलचेंच आहे. लॅपटॉप काखेंत मारून तुरींत शिरण्याचें कारण नाहीं. हवामान, बाजारभाव, बँकेंतील जमा यांचेंही तसेंच. महाडीबीटीचे अर्ज अगर शेतकरी ओळख क्रमांकाचें काम वर्षांतून फार तर दोन-चार वेळां पडतें. त्यापुरते सेवा केंद्रांत शे-दोनशे गेले तरी तेवढ्यासाठीं वीस हजारांचें यंत्र पदरीं घेण्यांत शहाणपण नाहीं. उत्पादक कंपनीचें दप्तर सांभाळणारे, दुधाचें संकलन करणारे किंवा खत-बियाण्याचें दुकान चालविणारे यांची गोष्ट निराळी. परंतु त्यांचें काम एका जागीं बसून व्हावयाचें असल्यामुळें त्यांस टेबलावरचा संगणक अधिक सोईचा व त्याच किंमतींत अधिक दमाचा मिळतो.

आतां शिकणाऱ्या मुलांविषयीं. येथें आमचें मत अगदीं उलट आहे. महाविद्यालयांत गेलेल्या मुलास मोबाइल पुरेसा आहे, असें म्हणणारे वडीलधारे आम्हांस पुष्कळ भेटतात. त्यांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, मोबाइलवर मुलगा वाचील, ऐकेल, पाहील, हें खरें. पण तो त्यावर लिहिणार काय? दहा पानांचा प्रकल्प, हिशेबाचे तक्ते, आराखडे, संगणकाची आज्ञावली, नोकरीचा अर्ज, हीं सर्व करण्याचीं कामें आहेत आणि त्यांस बोटभर पडदा पुरत नाहीं. २०२० व २०२१ या दोन वर्षांत शाळा बंद राहून शिक्षण मोबाइलवर आलें, तेव्हां काय झालें हें आपल्यापैकीं प्रत्येकानें आपल्या घरीं पाहिलें आहे. घरांत मोबाइल एक, तोही बापाच्या खिशांत, आणि बाप रानांत ! तास संपल्यावर मोबाइल घरीं येई. लोखंडी नांगर प्रथम निघाला तेव्हां लोखंडानें जमीन नासते असें सांगणारीं माणसें आपल्याच महाराष्ट्रांत होतीं. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं नांगर तयार केले, पण ते विकले जाण्यास पुढें फार दिवस वाट पाहावी लागली. मुलांच्या हातीं संगणक देण्याविषयींची आजची धास्ती त्याच जातीची आहे. आपल्या आजोबांच्या काळीं, निजामाच्या राज्यांत, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि जमीन स्वतःची असूनही तिचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. ती लाचारी ज्यांनीं सोसली, त्यांच्या नातवंडांस आजच्या कचेरीचें यंत्र स्वतःच्या हातानें चालवितां आलेंच पाहिजे.

मग अडचण कोठें आहे ? अडचण आहे ती 'सर्वांत स्वस्त' या दोन शब्दांत.

गरिबांसाठीं अगदीं स्वस्त संगणक काढावा, ही कल्पना चांगल्या चांगल्या लोकांच्या मनांत येऊन गेलेली आहे, आणि तिचा इतिहास आमच्या वाचकांनीं जाणून घेण्याजोगा आहे. अमेरिकेंतील निकोलस निग्रोपोंटी यांनीं २००५ सालीं शंभर डॉलरांत मुलांचा लॅपटॉप देण्याची घोषणा केली. भारतांत त्याचा पहिला प्रयोग २००७ सालीं झाला, तो आपल्याच राज्यांत, रायगड जिल्ह्यांतील खैराट या वाडीवरच्या एका लहानशा एकशिक्षकी शाळेंत. यंत्र टणक होतें, धुळीस दाद देणारें नव्हतें; परंतु शंभर डॉलरांची किंमत साधली नाहीं, ती जवळजवळ दुप्पट झाली. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें हींच यंत्रें लाखांनीं घेतलीं. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली, तींत गणित व भाषा या विषयांत यंत्र मिळालेलीं मुलें न मिळालेल्यांपेक्षां पुढें गेल्याचें आढळलें नाहीं. आपल्या केंद्र सरकारनें ५ ऑक्टोबर २०११ रोजीं 'आकाश' नांवाची पाटी काढली. सरकारास ती सव्वादोन हजारांच्या आसपास पडली. पण तिच्यांतील प्रक्रियक इतका मंद, स्मृति इतकी थोडी आणि पडदा इतका हट्टी, कीं शिकण्यापूर्वीं मुलाची सहनशक्तीच कसाला लागावी. पुढें २०२३ च्या जुलैंत 'जिओबुक' १६,४९९ रुपयांस बाजारांत आला : ११.६ इंचांचा पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी सांठा, वजन किलोच्या आंत. वाचण्या-पाहण्यास व साधें लिहिण्यास तो वाईट म्हणवत नाहीं. परंतु त्याची चालविणारी प्रणाली त्याची स्वतःची, त्यामुळें महाविद्यालय ज्या विंडोज प्रणालींतील कामें सांगतें तीं त्यावर चालत नाहींत. या सर्व गोष्टींत आम्हांस एकच दोष दिसतो. किंमत आधीं ठरली आणि काम मागाहून. आपण बैल घेतांना असें करीत नाहीं. आधीं रान किती व कसें तें पाहतों, मग जोडी पाहतों.

दुकानांतील स्वस्त लॅपटॉपांत कमी काय असतें, तें आपल्या भाषेंत सांगूं. लॅपटॉपांतील प्रक्रियक हा बैल समजावा, रॅम हें खळें, आणि सांठा हें कोठार. पंधरा-वीस हजारांच्या नव्या यंत्रांत बहुधा दोन गाभ्यांचा सेलेरॉन जातीचा बैल, ४ जीबीचें खळें आणि ६४ जीबीचें ई-एम-एम-सी कोठार असतें. आतां विंडोज ११ या प्रणालीस कमींत कमी ४ जीबी रॅम व ६४ जीबी सांठा लागतो, असें ती काढणारी कंपनीच सांगते. कमींत कमी याचा अर्थ यंत्र सुरू होईल, इतकाच. खळें लहान असेल तर निम्मी रास खळ्यावर व निम्मी पुन्हा कोठारांत, अशी ने-आण करीतच मळणी करावी लागते. यंत्राचेंही तसेंच होतें. प्रणालीनेंच अर्धें खळें अडविलेलें, त्यावर मुलीनें एक धडा उघडला, शेजारीं लिहिण्याचें पान उघडलें, गुरुजींचा तास चालू ठेवला, कीं बैल खालीं बसला ! कोठाराचीही तीच गत. प्रणालीची नवी आवृत्ति येते तेव्हां ठेवावयास जागा उरलेली नसते. याहून वाईट गोष्ट ही कीं, अशा पुष्कळ यंत्रांत रॅम व सांठा मूळ पाटीवरच डाखलेला असतो. नांगराचा फाळ झिजला तर लोहाराकडून नवा बसवितां येतो, म्हणून नांगर टिकतो. ज्या नांगराचा फाळ बदलतां येत नाहीं तो किती स्वस्त मिळाला तर घ्यावा ?

आणि यांतलें खरें नुकसान पैशाचें नाहीं. गांवाकडून गेलेली मुलगी शहरांतल्या वर्गांत आधींच बिचकत असते. इतरांचीं पानें चटकन उघडतात, तिचें यंत्र गोल चक्र फिरवीत बसतें. इतरांचें काम वेळेंत होतें, तिचें होत नाहीं. यंत्र मंद आहे हें तिला कोण सांगणार ? तिनें दुसरें यंत्र हाताळलेलेंच नसतें. ती समजते कीं, मंद आपणच आहों, हें काम आपल्यासाठीं नव्हे. एकदां हा ग्रह मनांत बसला कीं, पुढें कितीही चांगलें यंत्र दिलें तरी तो लवकर निघत नाहीं. स्वस्त लॅपटॉपाविरुद्ध आमची मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या तक्रारी दुय्यम होत.

आतां खर्चाचा हिशेब वर्षाच्या मापानें करूं, म्हणजे स्वस्त-महाग याचा उलगडा होईल. अठरा हजारांचें यंत्र दोन वर्षांत कामाबाहेर गेलें तर वर्षास नऊ हजार पडले. बत्तीस हजारांचें यंत्र पांच वर्षें चाललें तर वर्षास ६,४०० पडले, सहा वर्षें चाललें तर त्याहूनही कमी. आणि मुलीची पदवी त्याच एका यंत्रावर झाली. पहिल्या रीतींत पदवीच्या मध्यावर दुसरें यंत्र घेणें आलेंच. यास्तव नवें घ्यावयाचें तर निदान ८ जीबी रॅम, एस-एस-डी जातीचा निदान २५६ जीबी सांठा आणि चार गाभ्यांहून कमी नाहीं असा प्रक्रियक, एवढें असल्याखेरीज घेऊं नये. हें त्रिकूट पंधरा-वीस हजारांत नवें मिळत नाहीं, हें आम्ही जाणतों. शिवाय २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमच्या किंमती चढल्या, त्याची झळ याही बाजारास लागली. पैसा तितका नसेल तर काय करावें ? आमचें उत्तर : हलकें नवें घेण्यापेक्षां दमदार जुनें घ्यावें.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षें वापरलेले लॅपटॉप एकदम काढून टाकतात, आणि ते दुरुस्त होऊन दुय्यम बाजारांत येतात. कचेरीसाठीं बनविलेलें यंत्र मुळांत भक्कम असतें, त्याचें झाकण उघडून रॅम व सांठा बहुधा वाढवितां येतो, आणि सुटे भागही मिळतात. पण जुना बैल दांत पाहिल्यावांचून कोणी घेत नाहीं, तसें येथेंही दांत पाहावे लागतात. इंटेलच्या प्रक्रियकाच्या नांवापुढें जो आंकडा असतो त्यावरून पिढी कळते : आय-५ च्या पुढें ८२५० असें असेल तर तो आठव्या पिढीचा, ६२०० असें असेल तर सहाव्या पिढीचा, ११३५ असें असेल तर अकराव्या पिढीचा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासून पुढच्याच यंत्रांस रीतसर चालतें. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीचीं यंत्रें आतां बाजारांत अतिशय स्वस्त झालीं आहेत. दुकानदार त्यांवर जुगाड करून विंडोज ११ बसवून देतो आणि 'नवी प्रणाली' म्हणून मिरवितो. अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळण्याचा भरंवसा नसतो. तें घ्यावयाचेंच असेल तर लिनक्स ही मोफत प्रणाली त्यावर बसवावी. जुन्या यंत्रावर ती हलकी चालते, तींत मराठीही उत्तम लिहितां येतें. मात्र मुलाच्या अभ्यासक्रमास विंडोजच लागतें काय, हें त्याच्या शिक्षकांस आधीं विचारून घ्यावें.

बाकीचे दांत असे. विजेची तार काढून निदान अर्धा तास यंत्र आपल्यासमोर चालवावें. घटमाला सुकलेली असेल तर बॅटरी तेवढ्यांत कळते. एका शहरांतील दुकानांत आम्हीं ही मागणी केली तेव्हां दुकानदारानें "तार लावूनच वापरतात सगळे" असें उत्तर दिलें. आम्हीं यंत्र तेथेंच ठेवून बाहेर पडलों. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, तेथें बॅटरीवांचून लॅपटॉप म्हणजे दोरीवांचून बादली. प्रत्येक कळ दाबून पाहावी, बिजागरी चारदां उघडझांप करावी, पांढरें पान उघडून पडद्यावर डाग आहेत काय तें बघावें, छायाचित्र-यंत्र व आवाज तपासावा. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावें. सुरू होतांना एखाद्या कंपनीचें नांव किंवा परवलीचा शब्द मागूं लागलें तर तें त्या कंपनीच्या कुलुपांत आहे असें समजून हात जोडावे. नव्या यंत्राची हमी बहुधा एक वर्षाची असते, जुन्याची दुकानदार देईल तेवढी. तीन महिन्यांहून कमी हमी असलेलें यंत्र घेऊं नये. आपल्या पोरांपैकीं कोणी संगणकाचें शिक्षण घेत असेल तर त्यास सोबत न्यावें. आपण सोयाबीनची आर्द्रता हातानें सांगूं शकतों, त्याप्रमाणें हा माल त्यास कळतो.

हप्त्यांविषयीं दोन शब्द. "बिनव्याजी हप्ता" म्हणून जो सांगितला जातो, त्यांत प्रक्रिया-शुल्क, विमा, एखादा हप्ता चुकल्यास दंड, अशीं पिल्लें असतात. पगारदारास महिन्याचा हप्ता सोसतो; आपलें उत्पन्न वर्षांतून दोनदां येतें आणि तेंही पावसाच्या हातीं असतें. पीककर्जाचा पैसा तर या कामास मुळींच वळवूं नये. चार महिने थांबून रोखीनें घेतलेलें जुनें यंत्र हप्त्यानें घेतलेल्या नव्याहून चांगलें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. कित्येक घरांत मुलासाठीं कर्ज काढून यंत्र येतें, आणि मुलगी शिकूं लागली म्हणजे तिला "मोबाइल आहेच कीं" असें उत्तर मिळतें, किंवा भावानें टाकलेलें, कळा निखळलेलें यंत्र तिच्या वाट्यास येतें. घरांत दोघें शिकत असतील आणि पैसा एकाच यंत्राचा असेल तर तें दोघांचें म्हणून घ्यावें व वेळ वांटून द्यावा. कुणाच्या अभ्यासास यंत्राची गरज अधिक आहे हें विचारावें. मुलगा कोण व मुलगी कोण हें विचारूं नये. ज्यांस एकही यंत्र घेणें शक्य नाहीं अशा सभासदांच्या मुलांसाठीं संघानें आपल्या कचेरींत दोन चांगलीं जुनीं यंत्रें ठेवावीं, सुटींत व रविवारीं तीं मुलांस खुलीं असावीं, अशी आमची सूचना आहे. औत-अवजारें सामाईक ठेवण्याची रीत आपल्यास परकी नाहीं.

यंत्र घरीं आल्यावर तें विजेच्या ज्या खोबणीस मोटरीचा अगर पिठाच्या गिरणीचा भार लागतो तिला जोडूं नये; दाब वर-खालीं होऊन पहिल्याच महिन्यांत भारक जळतो. पत्र्याखालीं उन्हाळ्यांत दुपारीं तें वापरूं नये, गादीवर ठेवून तर कधींच नाहीं. आणि पावती अवश्य घ्यावी, कच्च्या चिठ्ठीवर भागवूं नये. तींत यंत्राचा क्रमांक, रॅम, सांठा, प्रक्रियकाचा पूर्ण आंकडा व हमीची मुदत हें सर्व लिहवून घ्यावें, आणि ज्या मुलासाठीं अगर मुलीसाठीं यंत्र घेतलें तिचेंच नांव पावतीवर घालावें, म्हणजे दुरुस्तीच्या वेळीं दुकानाची पायरी तिला स्वतः चढतां येईल.